सव्वातीन तासांवरचं टोकावडे

चूक माझीच. रविवारी सकाळी गुवाहाटीत पुतण्याचा, गणेशचा, फोन आला. "काका, बाबा गेले." मी मोबाइलवर दोन विमानतळांमधला वेळ बघितला, सव्वातीन तास, आणि सांगून टाकलं, "तीनपर्यंत पोचतो. तोंड बघितल्याशिवाय नेऊ नका."

बावीस वर्षं मी नोकरीसाठी तिकडे. दादा फोनवर विचारायचा, "किती लांब रे तू?" माझं ठरलेलं उत्तर, "लांब कुठे? तीन तास!"

तीन वाजता, म्हणजे दिलेल्या वेळी, मी मुंबईत सामानाच्या पट्ट्यापाशी उभा होतो. बॅगेत चहापत्ती होती. दर खेपेला दादासाठी न्यायचो, म्हणून बायकोने सवयीने भरलेली. ज्याला प्यायचाच नव्हता त्याच्या चहासाठी अर्धा तास गेला.

गावाचं नाव सांगितलं, तर टॅक्सीवाला शहापूरचा निघाला.

"टोकावडं? काका, आज रविवार. सगळी मुंबई त्याच रस्त्यानं माळशेजला गेलीय."

"लवकर पोचू ना?"

"आजच पोचायचंय ना?" तो म्हणाला. मग आरशात माझ्या बायकोचा चेहरा बघून त्याने गाडी काढली.

कल्याणला गणेशचा फोन. "काका, लोकं भाताची आवणी सोडून थांबलीत. कुठं आलात?"

"मुरबाड सोडलं," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं.

मुरबाड खरंच सोडलं तेव्हा धबधब्यांवरून परतणाऱ्या गाड्यांनी अख्खा रस्ता अडवलेला. पुढच्या गाडीच्या टपावर पोरं नाचत होती. काचेशी एक बाई आली, "घ्या दादा, गरम हाय." सकाळपासून पोटात काही नव्हतं. भावाच्या मयताला निघालेल्या माणसाने भाजलेलं कणीस खाल्लं, वर मीठ कमी आहे म्हणाला.

पुन्हा फोन. "काका, दिस बुडाया आला. काय करू?"

गाडी जागची हलत नव्हती.

"ने," मी म्हणालो.

पोचलो तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. शेजारचे तुकाराम नाना थांबले. "लय वाट बघली रे तुजी," म्हणाले आणि पुढे गेले.

वहिनी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाया पडलो. "चार दिस छातीत दुखत व्हतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, भावजींना बोलवू. तर हे म्हणं, कामाचा माणूस, आताच कशाला? तीन तासावर तं हाय. लागला तं येल."

मी चहापत्तीचा पुडा हातात धरून उभा राहिलो. कुणाला द्यावा तेच कळेना.

तेरावं करून निघालो. विमान सुटलं तशी घोषणा झाली, गुवाहाटी सव्वातीन तास. इतकी वर्षं हे ऐकताना घर जवळ असल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बायको म्हणाली, "अहो, दादांना एकदा तरी दारापासून दारापर्यंतचे तास सांगायचे होते."