आधी चादर फेका

माझ्या मामाचं इस्त्रीचं दुकान तलावाच्या पायऱ्यांना लागून आहे. त्यामुळे त्याच्याकडे दोनच गोष्टी येतात: चुरगळलेले कपडे आणि "धावा, धावा" अशी आरोळी. कपड्यांना तो उशीर करतो, आरोळीला नाही. एकदा त्याने एका हेडक्लार्कची डबलबेडची चादर दोरीवरून ओढली, पाण्यात फेकली आणि गटांगळ्या खाणाऱ्या एका कॉलेजकुमाराला तिच्या टोकाने काठावर आणलं. संध्याकाळी हेडक्लार्क हजर.

"चादर ओली कशी?"

"माणूस ओढलाय तिने साहेब. तुमच्याकडे नुसती पडून असते."

मामाचा नियम एकच. उडी मारायची नाही, आधी हाताला लागेल ते फेकायचं. चादर, दोरी, काठी; काहीच नसेल तर स्वतःची पँट. अब्रू नंतर गोळा करता येते. "बुडणाऱ्याला त्या वेळी माणूस दिसत नाही रे, शिडी दिसते. खांद्यावर चढतो, डोक्यावर चढतो. त्याची चूक नसते. आणि कापड तुम्हालाच आत ओढायला लागलं, तर सरळ सोडून द्यायचं."

हे त्याला एका अनोळखी माणसाने शिकवलं. मामाची एकुलती एक मुलगी, माझी ताई, तेव्हा रांगत होती. मामा पट्टीचा पोहणारा; आरोळी ऐकली आणि चपलांसकट उडी मारली. त्या बुडणाऱ्या माणसाने समोरून त्याच्या गळ्याला मिठी मारली. दोघंही खाली गेले. खालच्या अंधारात मामाने गळ्याभोवतीची बोटं एकेक करून सोडवली. मामा वर आला. तो आला नाही.

कोणी मामाला बोल लावला नाही. त्या माणसाची आई तर येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. पण तेव्हापासून मामाच्या गळ्याला काही सोसत नाही. शर्टाचं वरचं बटण नाही, थंडीत मफलर नाही, आणि ताईचे हातही नाहीत. लहानपणी ती मागून येऊन गळ्यात पडायची. मामा तिची बोटं एकेक करून सोडवायचा, अगदी हळुवार, आणि त्या रिकाम्या हातात काहीतरी ठेवायचा. पेरू, पेन्सिल, फुगा. "आमच्याकडे गळ्यात पडलं की पेरू मिळतो," असं ती मैत्रिणींना हसत सांगायची. मोठी झाल्यावर एकदा मला म्हणाली, "मला पेरू नको होता रे."

यंदा तिला लांबच्या शहरात नर्सची नोकरी लागली. मामाने तिचे सगळे कपडे स्वतः इस्त्री केले, मोज्यांसकट. निघताना तिने मला बाजूला घेतलं. "आज तरी बाबा जवळ घेतील का रे?"

"डबलबेडची चादर फेकतील," मी म्हणालो. ती हसली नाही. मग मलाही हसू आलं नाही.

स्टँडवर मामी तिला मिठी मारून मनसोक्त रडली. मामाने हात अर्धवट पसरले. ताई पुढे झाली, तिचे हात त्याच्या खांद्यापर्यंत गेले, आणि मामाचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे आला. ती थांबली. "बरं, येते," म्हणाली आणि गाडीत चढली.

गाडी सुरू झाली तसं तिने ओढणी काढून एक टोक खिडकीबाहेर सोडलं.

"बाबा, हात देत नाही. हे तरी धरा."

मामाने ते टोक मुठीला गुंडाळलं. गाडी हलली. मामा चालायला लागला, मग पळायला लागला. पोट सांभाळत, एका पायातली चप्पल मागे टाकून.

"मामा, सोड! तुझाच नियम आहे!" मी ओरडलो.

त्याने सोडलं नाही. शेवटी ताईनेच हातातलं टोक सोडलं, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मी चप्पल उचलून त्याच्याजवळ गेलो. तो ओढणीकडे बघत उभा होता. मग त्याने ती गळ्यात घातली, एक वेढा घेतला आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर ओढणी तशीच होती. भर उन्हाचं, इस्त्रीच्या वाफेत, मामाच्या गळ्याभोवती.

"उकडत नाही का हो?" मामीने विचारलं.

"उकडतंय," मामा म्हणाला, आणि इस्त्री फिरवत राहिला.