टाळू वर आली म्हणून आम्ही हसत होतो

मंडळी, कल्याणच्या दवाखान्यातून कपडे न्यायला आत्ताच मुरबाडला आलोय.

आमच्या तान्ह्या नातीच्या रक्तात जंतू सापडले होते. औषधाने ताप उतरला. आज ती मांडीवर इतकी शांत होती, की मी शाळेतल्या कविता गुणगुणत बसलो. ऐकतेय, असंच वाटलं मला.

आमच्याकडे बाळाची टाळू रोज तेलाने भरतात. बायकोने टाळूवर हात फिरवला. "बघा तरी, खड्डा भरून वर आला. बाय सुधारली. घरी नेऊ आता."

डॉक्टरीणबाईंनी टाळू चाचपली आणि त्यांचा चेहराच बदलला. "आजी, हे तेलाने नाही झालं. ही सूज असेल. रक्तातले जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात. ती रडत नाही, दूध ओढत नाही, ही शांतता चांगली नाही. पाठीतलं पाणी तपासू."

"एवढ्याशा पाठीत सुई? नाय गो बाय," बायको म्हणाली.

मुलाने सही केली. पाणी गढूळ निघालं. औषधं बदललीत, पुढचं कुणी सांगत नाही.

ती रडली की फोन लावून मला ऐकव, असं सुनेला सांगून आलोय. तुमच्या घरचं तान्हं आज रडलं ना?