हिरव्या खुणा

आमची प्रोग्रामर वैदेही हिच्या स्क्रीनवर प्रोग्रामच्या चाचण्यांसमोर 'पास'च्या हिरव्या खुणांची रांग उभी आहे आणि मला ती बघवत नाही. काल अशाच रांगेवर विसंबून मी एका दवाखान्याच्या डॉक्टरांपुढे आमचा प्रोग्राम उघडला. पेशंटचं नाव आलं, औषधांची यादी मात्र कोरी. "अहो, नाव तर आम्हालाही माहीत आहे," म्हणत ते उठले. तीन महिने मागे लागून मिळवलेली भेट होती ती.

आमच्या प्रोग्राममध्ये एक मेथड आहे, म्हणजे ठरलेलं एक काम करणारा कोडचा तुकडा. पेशंट मागा, औषध मागा, जो प्रकार मागाल तो तिने आणून द्यायचा. चाचणीपुरती वैदेहीने तिच्या जागी तयार उत्तरं देणारी नकली मेथड बसवली. प्रकार जुळत नाहीत म्हणून कोडमधल्या चुका दाखवणारा कंपायलर कुरकुरला, तेव्हा 'कुठलाही प्रकार चालेल' असं लिहून तिने त्याचं तोंड बंद केलं. खऱ्या मेथडला औषधं आणताच येत नाहीत, हे मग कोणाला कळणार?

मी फुटपाथवर कमरेचे पट्टे विकून वर आलो. जे गिऱ्हाईक हुज्जत घालायचं, तेच पट्टा घ्यायचं. सगळ्याला छान म्हणणारं रिकाम्या हाताने जायचं.

"कुरकुरणाऱ्याला गप्प का केलंस?" मी ओरडलो.

"सर, तुम्हाला सकाळपर्यंत सगळं हिरवं हवं होतं."

"मग होणार नाही म्हणून सांगायचं."

"हो सर," तिने लगेच मान डोलावली.

या खोलीत मला शेवटचं 'नाही' कोण म्हणालं होतं, ते काही केल्या आठवेना.