पिवळा तळहात

निवडणुकीत माझी ड्यूटी होती मतदारांच्या बोटांना शाई लावायची. त्यामुळे दिवसभर माणसांचे हातच पाहत होते. सकाळी एकाच गल्लीतल्या सात-आठ बायका आल्या, सगळ्यांचे उजवे तळहात पिवळे. येताना त्यांना देवळात नेऊन भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून एकाच चिन्हाला मत द्यायची शपथ घ्यायला लावली होती. असा शब्द मोडला तर लेकराबाळांवर येतं, असं इथे मानतात.

मला चीड आली. पण माझा तरी हात कुठे स्वच्छ होता? वडील ज्या चिन्हाला मत द्यायचे, त्याच चिन्हाकडे माझं बोट आजही आपोआप जातं. मला कुणी देवळात नेलं नव्हतं, एवढंच.

शेवटची बाई शाई लावून झाली तरी हलेना. त्यांना घेऊन आलेला माणूस दाराबाहेर उभा होता. त्याच्याकडे पाठ करून ती हळूच म्हणाली, “बाई, वाईच पाणी द्या की.”

मी बाटली दिली. मागच्या खिडकीतून हात बाहेर काढून तिनं तळहात खसाखसा धुतला आणि ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.

यंत्राचा आवाज येईना. माझ्या हातातली शाईची काडी वाळून गेली. लेकरं आठवत असतील का तिला? अखेर यंत्र वाजलं.

बाहेर जाण्याआधी ती माझ्या टेबलाशी थांबली. तिनं पदराची गाठ सोडली, आतला चिमूटभर भंडारा तळहातावर चोळला, आणि त्या माणसाला हात नीट दिसेल असा पदर सावरत दाराबाहेर पडली.