बंद करणारा मामा

आमचा मामा वायरमन. आयुष्यभर लोकांच्या घरांत दिवे लावले आणि स्वतःच्या घरात ते बंद करत फिरला. मी पाणी प्यायला उठले रे उठले, की पंखा बंद! वर मलाच विचारणार, "भिंतींना वारा घालतेस का गं?"

फ्रिज उघडण्याआधी मामीने हाळी द्यायची, "उघडतेय हो, कुणाला काय हवंय?" सगळ्यांचं एकदमच काढायचं. इस्त्री शेवटच्या शर्टाला बंद, रुमाल उरलेल्या धगीवर. वॉशिंग मशीन गच्च भरल्याशिवाय फिरायचं नाही. एकदा माझा मुलाखतीचा शर्ट त्यात तीन दिवस अडकला. मी जाम भांडले. तर या पठ्ठ्याने तो हाताने धुऊन दिला, पण मशीन काही लावलं नाही! असला हट्टी, आणि तितकाच गोड.

मग त्याची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला लावलं, रोज सोळा तास नाकाला नळी. झालं! एवढं मोठं धूड दिवसभर चालणार, तेही एका माणसासाठी? मामीची पाठ वळली, की हा बटण बंद करून खुशाल बसायचा.

परवा दुपारी मी आणि मामी बाजारातून आलो. मशीन गप्प. मामा खुर्चीत, ओठ निळे, आणि आम्हाला बघून हसायचा प्रयत्न चाललेला. मामीने धावत जाऊन मशीन सुरू केलं, नळी लावली. हळूहळू ओठांवर रंग आला. तशी स्वारी हात लांबवून पुन्हा बटण बंद करते!

"आता बरं वाटतंय की. माझ्या एकट्यासाठी कशाला ही घरघर?"

मला असा संताप आला! पण मामीच आधी बोलली.

"एकट्यासाठी? अहो, चाळीस वर्षं तुम्ही म्हणालात ते बंद केलं. कधी हूं का चूं केलं नाही. पण तुम्ही गेलात तर त्या वाचवलेल्या विजेचं मी काय करू? तिच्याशी भांडत बसू?"

आणि ती रडायलाच लागली. मलाही राहवेना.

मग मामाने नळी नीट केली आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. त्या घरात त्याला आपणहून काही चालू करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.