हसण्याची चेष्टा

सरांच्या घरी गेलो तेव्हा काकू त्यांना पेज भरवत होत्या. सरांनी मान फिरवली. काकू माझ्याकडे पाहून हसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या.

बी.ए.ला सरांनी आम्हाला एका हिंदी लेखकाचं नाटक शिकवलं होतं. त्याच्या कथांत काय, नाटकांत काय, एकमेकांना विटलेली माणसं एकाच घरात राहतात. तो स्वतः मात्र कुठल्याच घरात फार टिकला नाही, असं सर सांगत. एका ठिकाणी कंसात होतं, 'हँसने की चेष्टा करती है.' मी अर्थ सांगितला, "बायको नवऱ्याची चेष्टा करते." सर म्हणाले, "अरे, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हसायलाही लागतो कधी कधी." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो सरांमुळे. पण हा अर्थ मी परीक्षेपुरताच लिहून घेतला होता.

"थकलात, काकू," मी म्हणालो.

"मी कसली थकते. सकाळपासून मला ओळखत नाहीत. परक्या बाईच्या हातचं कसं खातील?"

मी वाटी घेतली. सरांनी विचारलं, "आपण कोण?"

"तुमचा विद्यार्थी."

"बसा," म्हणून त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.