पुढच्यानं ओरडायचं असतं

माझ्या मावशीनं आठवडाभराच्या सायकल सहलीला नाव नोंदवलं, तेव्हा आमच्या घरात वीज गेल्यावर पसरते तशी शांतता पसरली. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, आमच्याच घरात राहणारी. दुकानापर्यंत ती सायकलनं जायची, पण अशा वेगानं की शेजारून पायी जाणारा ओळखीचा माणूस तिची विचारपूस करून पुढे निघून जाई.

आईनं तिला आधी गुडघ्यांची भीती घातली, मग उन्हाची. मावशी बधली नाही. तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात ओढून हुकूम सोडला की मीही जायचं. वर एक अट घातली. "जेवायला बसा नाहीतर गप्पा मारायला, तिच्या डाव्या हाताला कुणाला बसू देऊ नकोस. तूच बस."

मी याचा अर्थ माझ्या अकलेप्रमाणे लावला. बाई एकटी, सहलीत परके पुरुष, आईला काळजी. मग उजवा हात काय मोकळा सोडायचा, हा प्रश्न मला पडला नाही. आमच्या शाळेत प्रश्न पडणाऱ्याला बाकावर उभं करत, तेव्हापासून मी तो नाद सोडला आहे.

मावशी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या कानांमागे काड्या बसवते. काडी जराशी गरम करायची, अंगठ्यानं वाकवायची, कानामागून बोट फिरवायचं आणि टोचतंय का म्हणून विचारायचं. उत्तर ऐकताना ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बघते. त्यामुळे काही तरुणांचा गोड गैरसमज होतो आणि त्यांच्या काड्या वरचेवर सैल व्हायला लागतात. पहिला चष्मा लागला म्हणून रडवेल्या झालेल्या मुलींना ती समजावते की यात लाजायचं काय, डोळे आहेत, थकतात.

घरात मात्र तिची ख्याती शिष्ट अशी. हाक मारावी तर मनात असलं तर ओ देणार, नाहीतर सरळ निघून जाणार. बोलणं चढ्या आवाजात, त्यामुळे आईचं "हळू बोल" चोवीस तास चालू. स्थळं पुष्कळ आली आणि मावशीनं ती सगळी मोडीत काढली. एकाचं नाक आवडलं नाही, एकाचं हसणं. एका बिचाऱ्याचं काहीच नावडण्यासारखं नव्हतं, तर तेच तिला आवडलं नाही. बाबा म्हणायचे, हिला नवरा नको, नमुना हवा.

तर अशी मावशी आणि तिचा अंगरक्षक मी, डझनभर माणसांच्या घोळक्यात निघालो. आमचे कॅप्टन दातांचे डॉक्टर होते. माणसाला तोंड उघडायला लावायचं आणि बोलू मात्र द्यायचं नाही, ही धंद्याची सवय त्यांनी सहलीतही सोडली नव्हती. रस्त्यावर त्यांचा एकच कायदा. एकामागे एक रांगेत चालायचं. पुढच्याला जे दिसेल ते त्यानं ओरडायचं आणि हातानं दाखवायचं, मागच्यानं तेच आपल्या मागच्याला ओरडायचं, असं थेट शेपटापर्यंत. "खड्डा डावीकडे", "कुत्रं", "वळण". हाक ज्याच्यापाशी तुटेल त्यानं उरलेली सहल सामानाच्या टेम्पोत बसून करायची, बॅगांच्या आणि केळ्यांच्या शेजारी.

शेपूट म्हणजे मी. कॅप्टनच्या मते ती जबाबदारीची जागा होती. खरं कारण माझा दम.

रांगेत मावशीच्या मागे लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस असायचा. वय तिच्याच आगेमागे, एकटा राहणारा. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्यांना दाराबाहेरून धीर द्यायची सवय, त्यामुळे आवाज असा की ऐकणाऱ्यालाच वाटावं, आपण अडकलोय पण आता सुटणार. आम्ही सगळे त्याला लिफ्टवाले म्हणायचो. मावशी मात्र "अहो" म्हणायची. मी एकदा भुवया उंचावून बघितलं, तर तिनं केळ्याचं साल फेकून मारलं.

सहल अर्ध्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. उघड्या माळावरचा रस्ता, उजवीकडून ट्रक घासून चाललेला. सगळ्यात पुढे कॅप्टन, त्यांच्या मागे बँकेतल्या एक बाई, मग मावशी. कॅप्टननी वाळू पसरलेली बघितली आणि ओरडले. बाईंनी हाक मागे दिली, पण ट्रकच्या धास्तीनं हॅन्डल घट्ट धरलेलं, हात काही दाखवला नाही. मावशी बाईंच्या चाकामागून अलगद वळली आणि गप्प राहिली. लिफ्टवाले सरळ वाळूत गेले. सायकल एकीकडे, माणूस दुसरीकडे. गुडघा आणि कोपर सोलून निघालं, पुढचं चाक पापडासारखं वाकडं.

आम्ही जमलो. बँकवाल्या बाई शपथेवर सांगत होत्या की त्यांनी हाक दिली होती. कॅप्टनचा चेहरा किडलेली दाढ दिसल्यासारखा झाला. हाक कुणापाशी तुटली, त्यांनी विचारलं. मावशी पांढरीफटक पडली होती.

तेवढ्यात जखमेवर पाणी ओतता ओतता लिफ्टवाले म्हणाले, "हाक आली होती. माझंच लक्ष नव्हतं."

कॅप्टननी टेम्पोकडे बोट दाखवलं. लिफ्टवाले लंगडत उठले. मला हायसं वाटलं, मावशी सुटली. आणि मावशीनं त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं.

"खोटं का बोलताय तुम्ही? मी हाक दिलीच नाही."

"असू दे."

"असू दे काय? का बोललात खोटं?"

ते तिच्या उजव्या बाजूला सरकले, अगदी नकळत, आणि खाली बघत म्हणाले, "तुम्हाला डावीकडून ऐकू येत नाही, हे ठाऊक आहे मला. आमचा उस्ताद असाच होता. लिफ्टच्या मोटारीच्या गोंगाटात जन्म गेला त्याचा. तोही तुमच्यासारखीच मान वळवायचा."

मला वाटलं, पडण्यानं डोक्याला मार बसला आहे. मी ह्या बाईच्या मांडीवर वाढलो. हिनं मला पाढे शिकवले. हिला ऐकू येत नाही? मी हसून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात मावशीकडे बघितलं. दिवसाढवळ्या भर रस्त्यात कुणी अंगावरचं पांघरूण ओढून न्यावं, तसा तिचा चेहरा झाला होता. आभार वगैरे दूरच, तिला संताप आला होता.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या जेवणापासून. तुम्ही खुर्ची फिरवून घेतलीत."

"आणि गप्प राहिलात. माझी कीव करत."

"कीव कसली? उजवीकडून बोलत होतो, बस."

मावशी कॅप्टनकडे वळली आणि आई जो आवाज जन्मभर दाबत आली, त्या आवाजात बोलली. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी तापात गेला. मी हात बघून चालवते. आज हात दिसला नाही आणि ट्रकनं उजवा कान भरला. हाक माझ्यापाशी तुटली. टेम्पोत मी बसायचं."

माझ्या डोक्यात एकेक दार आपटत उघडत होतं. न दिलेली ओ. टक लावून बघणं. आईची अट. नाकं आणि हसणी नावडलेली ती सगळी स्थळं; लग्नानंतर कुणाच्या घरात किती दिवस मान वळवत राहणार, ह्या धास्तीनं परत पाठवलेली. एकाच छपराखाली राहून मी तिला शिष्ट म्हणत होतो आणि एक परका माणूस पहिल्या घासाला ओळखून बसला होता.

मावशी टेम्पोपर्यंत गेली. पाय वर ठेवला आणि थांबली.

"नाहीतर असं करा," ती म्हणाली, "मला पुढे ठेवा. पुढच्यानं ओरडायचं असतं, ऐकायचं नसतं."

कॅप्टननी प्रथमच दुसऱ्याला बोलू दिलं असावं, कारण त्यांना उत्तर सुचेना. मागून गाडी आली तर, त्यांनी कसंबसं विचारलं.

"मी दुसरा राहतो," लिफ्टवाले म्हणाले. "उजवीकडून सांगेन."

टेम्पोतलं जादा चाक बसवलं आणि रांग नव्यानं लागली. त्या दिवसापासून आम्हाला रस्त्यातला एकेक खडा कळू लागला. मावशी ओरडायची आणि मला शेपटाला थेट ऐकू यायचं, मधले सगळे नुसते शोभेला. तीस वर्षं "हळू बोल" ऐकलेली बाई, तिनं सगळी थकबाकी माळावर वसूल केली. लिफ्टवाल्यांशी मात्र ती आधी बोलेना. मग बोलली ती भांडायला, आणि मग भांडण संपलं तरी बोलणं संपेना.

सहल संपत आली तेव्हा एक लांबलचक चढ लागला. सगळे कमरेत मोडलेले, मान खाली. पुढे ती दोघं काहीतरी बोलत होती. पुढच्याला मागच्याशी बोलायचं तर मान न वळवता, रस्त्याकडे तोंड करूनच ओरडावं लागतं. मावशीही तशीच ओरडली.

"अहो, आपण लग्न करावं का?"

आता मोठ्या आवाजाला मागे पोचवायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं होतं. कॅप्टन तिसरे होते. मान खाली घालूनच ते ओरडले, "लग्न करावं का!" त्यांच्या मागच्यानंही तेच केलं. असं ते तोंडोतोंडी उतरत माझ्यापर्यंत आलं आणि माझा डावा हात आपोआप खड्डा दाखवायला खाली गेला. मग मला कळलं आपण काय ऐकलं. मी सायकलवरून पडलोच.

मग त्याच वाटेनं उत्तर आलं. "चढ संपू द्या!"

वर पोचल्यावर लिफ्टवाले सायकल टाकून गवतात बसले आणि धाप लागलेल्या माणसाला जमेल तेवढ्यात म्हणाले, "हो. करावं." मावशी हसली नाही, रडली नाही. त्यांच्या उजव्या हातातली पाण्याची बाटली तिनं घेतली आणि अर्धी पिऊन टाकली.

घरी परतल्यावर तिनं चपला काढायच्या आधीच आईला सांगितलं. आईनं पहिला प्रश्न विचारला तो माणूस कोण, काय करतो हा नव्हे. आवाज एकदम खाली आणून तिनं विचारलं, "कानाचं कळू दिलं नाहीस ना?"

"त्यांना ठाऊक आहे ताई. सगळ्यांनाच सांगितलं. उद्या दुकानात सांगणार आहे."

आई खुर्चीत बसली. खरं तर खुर्ची होती म्हणून बसली म्हणायचं. मला वाटलं आता रागावेल, मग वाटलं आता मिठी मारेल. तिनं दोन्ही केलं नाही. नुसतीच आपल्या हातांकडे बघत म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय राखत बसले गं?"

मावशी आईशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मग आई बोलायला लागली, त्या ताप आलेल्या दिवसांबद्दल, पहिल्यांदाच आणि जरासुद्धा आवाज न दाबता.